शारजाची नोकरी: होकार कधी द्यायचा?

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. मी मिरज पूर्व भागातल्या एका गावचा. वय २९. मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआय करून कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशीन) सेटर म्हणून काम करतो. हातात २४ हजार पडतात. बायको मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे, तिला १८ हजार आहेत. मुलगी तीन वर्षांची. वडिलांची दीड एकर द्राक्षबाग, त्यावर सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज. दोन वर्षं अवकाळीनं बाग हाती लागली नाही. आता एका एजंटानं शारजात ३,२०० दिरहॅमची नोकरी आणली आहे. राहायला खोली कंपनीची. तो म्हणतो, आत्ता व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथं गेल्यावर कंपनी व्हिसा करून देते. त्याला एकूण १ लाख ४० हजार द्यायचे, पैकी ४० हजार आधी. चुलत्यांच्या ओळखीचा एक माणूस शेकडा दोननं पैसे द्यायला तयार आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे. आई म्हणते जा. वडील काहीच बोलत नाहीत. बायको म्हणते तुम्ही ठरवा. मी गेल्यावर तिला रात्रपाळीहून कोण आणणार, म्हणून तिनं नोकरी सोडून घरी राहावं असं घरच्यांचं मत आहे. दोन-तीन वर्षांत कर्ज फेडायचं, शेजारचं अर्धा एकर रान घ्यायचं आणि मग बायको-मुलीला तिकडं न्यायचं, असा विचार आहे. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हो म्हणू का?"

गुरुवारी हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. गुरुवारी एजंटाकडं फक्त एक कागद मागा, आणि तो हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. कुठला कागद, तो कशासाठी आणि तो आल्यावर घरात काय बोलायचं, हे सविस्तर सांगते.

तुम्ही बाहेर जावं का, याबद्दल माझं मत आधी सांगून टाकते. जावं. व्हीएमसीवर हात बसलेला माणूस २९ व्या वर्षी चार वेगळ्या मशिनींवर काम करून आला, तर त्याचं भलंच होतं. मला काळजी वाटते ती तुम्हाला ज्या वाटेनं नेलं जातंय त्या वाटेची. आणि त्याहून जास्त काळजी वाटते ती तुमच्या पत्रात कुठंच नसलेल्या एका हिशेबाची.

आधी वाट. व्हिजिट व्हिसा पाहुणा म्हणून जाण्यासाठी असतो. त्यावर काम करणं यूएईत, म्हणजे शारजा ज्या देशात आहे तिथं, बेकायदा आहे. तसं कामाला ठेवणाऱ्या कंपनीला २०२४ पासून एक लाखापासून दहा लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे. "तिथं गेल्यावर करून देतात" हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतंही, म्हणूनच एजंट ते इतक्या सहज बोलतो. पण नाही झालं तर? मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो, केलेल्या कामाचा पगार मागायला तुमच्याकडं करार नसतो, आणि इकडं शेकडा दोनचं व्याज थांबत नाही. अशा कोंडीत सापडलेला माणूस १,५०० दिरहॅमवरही सही करतो. त्याच्या हातात दुसरं काही उरलेलंच नसतं.

सरळ वाट अशी आहे. कंपनी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडं (आपली पोरं त्याला 'मोहरे' म्हणतात) अर्ज करते आणि मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर निघतं. ते अरबी आणि इंग्रजीत असतं, जोडीला कामगाराला कळेल अशी तिसरी भाषा घेता येते. मराठी त्यात नाही, पण हिंदी आहे. ते मागून घ्या. त्यावर तुमची सही झाली की एंट्री परमिट, म्हणजे त्या देशात शिरायचा परवाना, येतं. त्यावर साधारण ६० दिवसांत तिथं पोचायचं असतं. मेडिकल, एमिरेट्स आयडी, रहिवासी व्हिसा हे सगळं पोचल्यावर. ऑफर लेटरमध्ये जे लिहिलं त्यापेक्षा कमी देणारा करार नंतर पुढं करता येत नाही, हा तिथला नियम आहे. म्हणून गुरुवारी मागायचा तो कागद हाच. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र चालणार नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तर नाहीच. मंत्रालयाचं ऑफर लेटर हवं. त्यावर व्यवहार क्रमांक असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून खरंखोटं तपासता येतं. मनात शंका राहिली तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र अशी पत्रं पडताळून देतं. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही, फी लागत नाही.

आता १ लाख ४० हजारांचं. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा असतो, तो कामगाराकडून घ्यायचा नाही. आपल्याकडं १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. मग उरलेले लाखभर कशाचे? तुमच्या एजंटाला परवाना क्रमांक विचारा आणि भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तो तपासा. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी तिथं आहे, आणि बेकायदा म्हणून नोंद झालेल्यांचीही आहे. "परवाना मुंबईच्या साहेबांचा, मी त्यांचं काम बघतो" असं उत्तर आलं तर तो सबएजंट आहे आणि त्याला पैसे घ्यायचा काही अधिकार नाही. बोलण्यात कितीही गोड असला तरी.

एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. तुम्ही दहावी पास आहात, म्हणजे तुमचा पासपोर्ट ईसीएनआर (उत्प्रवास तपासणी न लागणारा) असणार. लोकांना हे भूषण वाटतं, आणि सोय आहेही, कारण उत्प्रवास परवानगीसाठी थांबावं लागत नाही. पण दहावी न झालेला माणूस आखातात निघतो तेव्हा त्याचा करार सरकारी कार्यालयातून एकदा तरी नजरेखालून जातो, तुमचा जाणार नाही. तुमचा करार तपासणारे तुम्ही एकटेच आहात. तेव्हा तो शब्दन्‌शब्द वाचा. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमाही तुमच्यावर सक्तीचा नाही, तरी घ्या. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर, संरक्षण १० लाखांचं. एवढ्या पैशात एक वेळची मिसळपार्टी होत नाही.

ऑफर लेटरमध्ये आधी काय बघायचं? मूळ पगार. ३,२०० हा आकडा एकूण पगाराचा आहे. त्यात बेसिक किती आणि भत्ते किती, हे तुमच्या पत्रात नाही, बहुतेक तुम्हाला सांगितलंच नसावं. ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर मोजतात. समजा बेसिक १,२०० आहे. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, म्हणजे ८४० दिरहॅम. (एक वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही.) जादा तासाला सव्वापट, म्हणजे सव्वासहा दिरहॅम. त्याच ३,२०० मध्ये बेसिक २,००० असेल तर ग्रॅच्युइटी वर्षाला १,४०० आणि जादा तासाचे दहाच्या वर. एकूण पगार तोच, पण रोज दोन तास थांबणाऱ्या माणसाला महिन्याअखेरीस हा फरक चांगलाच जाणवतो. बेसिक वाढवून मागण्यात संकोच नको. तुमच्यासारखा सेटर त्यांना हवा आहे, म्हणून तर ते सांगली जिल्ह्यापर्यंत आलेत.

त्यानंतर हुद्दा. तुम्ही सेटर आहात आणि कागदावर 'हेल्पर' लिहिलं असेल तर सही करू नका. पुढं कंपनी बदलताना तोच हुद्दा आडवा येतो. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. वर्षाला ३० दिवस रजा कायद्यानंच मिळते, पण रजेवर येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट कायद्यात नाही, ते लिहून घेतलं तरच मिळतं. कंपनीचं नाव ऑफर लेटरवर आणि एंट्री परमिटवर एकच आहे ना, तेही बघा. आणि पासपोर्ट तुमच्याकडंच राहिला पाहिजे. 'जपून ठेवतो' म्हणून मालकानं तो काढून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही.

कागदावरून सगळंच कळत नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला पार तामिळनाडू-केरळात गेली. नवं पोरगं घरातून निघायचं ते गावातल्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या तरी दुकानात उतरायला. परमुलुखात पाय ठेवण्याआधी तिथलं एक माणूस ठाऊक असायचं. तुम्हीही ते करा. त्या कंपनीत आत्ता काम करणाऱ्या एका तरी माणसाशी बोला, एजंटानं जोडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या. आयटीआयच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर विचारा, कुपवाडमधनं गेलेल्यांना विचारा. मशिनी कुठल्या, कंट्रोल फानुक की सीमेन्स, पगार खात्यावर किती तारखेला पडतो, खोलीत किती जण, मेसला किती जातात. पाच मिनिटांत खरं चित्र कळेल. मेसचा आकडा नीट लिहून घ्या, पुढं लागणार आहे.

आता तो हिशेब. ३,२०० दिरहॅम ऐकल्यावर घरात सगळ्यांनी २४ नं गुणलं असणार. दिरहॅमचे २४ रुपये धरले तर ७६,८००. हा आकडा आईच्या डोळ्यांपुढं आहे, चुलत्यांच्याही आहे. मी तो जरा पुढं नेते, तुम्हीही वहीत मांडा.

जेवण, फोन, किरकोळ मिळून तिथं ९०० दिरहॅम जातील असं धरू. म्हणजे २१,६०० गेले, राहिले ५५,२००. इथला तुमचा २४ हजार पगार बंद होणार, पण तुमचा पेट्रोल-डब्याचा चारेक हजार खर्चही वाचणार. तेव्हा २० हजार वजा करा. राहिले ३५,२००. बायकोनं नोकरी सोडली की १८ हजार गेले. राहिले १७,२००. बागेत तुम्ही सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी जे काम करता, फवारणी, ड्रिप, औषधं आणणं, त्याला माणूस लागणार. महिन्याला १२ हजार धरले तर राहिले ५,२००. आणि शेकडा दोननं १ लाख ४० हजार काढले, तर व्याजच महिन्याला २,८००.

उरले २,४००.

एवढ्या सगळ्या उलाढालीनंतर, तीन वर्षांच्या पोरीला सोडून, घरात महिन्याला वाढतात ते २,४०० रुपये. बागेचं कर्ज यातून कसं फिटणार? माझे आकडे थोडे इकडंतिकडं होतील, मेसचा आकडा कळला की तुमचे तुम्ही दुरुस्त करा. पण दोनच गोष्टी बदलून बघा: सावकाराचे पैसे घ्यायचे नाहीत आणि बायकोनं नोकरी सोडायची नाही. तेच उत्तर २३,२०० येतं. तुमचं जाणं फायद्याचं की तोट्याचं, हे शारजात ठरत नाही, या दोन गोष्टींवर ठरतंय. आणि दोन्ही तुमच्या घरात आहेत.

म्हणून तुमच्या पत्नीबद्दल जरा जास्त बोलते. "तुम्ही ठरवा" असं त्या म्हणाल्या, असं तुम्ही लिहिलंय. ज्या बाईची नोकरी घरातल्या बाकीच्यांनी आधीच सोडून टाकली, ती दुसरं काय म्हणणार? त्यांना विचारलंय का कुणी? तुमच्या प्रोबेशनच्या सहा महिन्यांत काही बिनसलं, तुम्हाला परत यावं लागलं, तर त्या वेळी घर चालवणारा एकच पगार असेल, त्यांचा. तो आपण होऊन बंद करायचा म्हणजे विहिरीत उतरताना दोर कापून टाकण्यासारखं आहे. रात्रपाळीचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण तो सुटणारा आहे. दवाखान्यात सांगून दिवसपाळी मागता येते. नाही मिळाली तर मिरजेत दिवसपाळी देणारे दवाखाने कमी नाहीत, १३० वर्षं रुग्णसेवेवर नाव काढलेलं गाव आहे ते. नाहीच जमलं तर मिरजेत एक खोली घेऊन त्या आणि मुलगी तिथं राहतील, शनिवार-रविवारी गावी येतील. तुमच्या आईंना हे पटायला वेळ लागेल. पटवायचं काम तुमचं आहे, तुमच्या पत्नीचं नाही, आणि ते निघण्याआधी करायचं आहे. फोनवरून होत नाही ते.

"दोन-तीन वर्षांत तिकडं नेईन" हेही तपासून घ्या. यूएईत कुटुंबाला व्हिसा काढायचा तर पगार ४,००० दिरहॅम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. ३,२०० म्हणजे कागदावर बसतो असं वाटेल, पण कंपनीच्या खोलीतली एक खाट म्हणजे कुटुंबाची जागा नव्हे. भाड्याचं घर घ्यायचं तर या पगारात हातात काही उरणार नाही. तेव्हा हे वचन आत्ता देऊ नका. पगार वाढला तर बघू, असं खरं ते सांगा. नर्सिंगचं शिक्षण असलेल्या तुमच्या पत्नीला तिथल्या परीक्षा देऊन स्वतःच्या जोरावरही जाता येईल, हा पर्याय तुमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही. नर्सला तिकडं मागणी असते. कुणी सांगावं, उद्या त्यांच्याच व्हिसावर तुम्ही राहाल.

वडील काहीच बोलत नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी त्या ओळीशी थांबले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे तुमच्याकडं छाटणी. त्यानंतरचे दोन-अडीच महिने बाग एकट्या माणसाच्या अंगावर टाकून जायचे नसतात. पोंगा, फुलोरा, दावण्या रोगाचा धाक, ढग आले की रात्री-अपरात्री ट्रॅक्टर काढायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षं बाग गेलेला माणूस तिसऱ्या छाटणीला मुलगा नसणार हे ऐकून काय बोलेल? जा म्हणावं तर बागेची भीती, नको म्हणावं तर पोराच्या आड आल्यासारखं होतं. त्यांच्याशी दोघंच बसून बोला, बागेत बसून बोला. तिथं ते बोलतील. "जाऊ का" हा प्रश्न टाळा, त्याला ते "जा" म्हणतील. "यंदा दीडच्या दीड एकर छाटायची, का थोडी वाट्यानं द्यायची?" असं विचारा. कामाचा प्रश्न विचारला की बागायतदार माणूस मोकळा होतो.

आणि कंपनीला सरळ विचारा, जॉइनिंग जानेवारीत चालेल का म्हणून. तोंडी नव्हे, लेखी, आणि ऑफर लेटर येण्याआधीच, कारण परमिट निघालं की ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. खरी गरज असलेली कंपनी सेटरसाठी तीन महिने थांबते. न थांबणारी कंपनी का थांबत नाही, याचाही विचार करता येईल. हीच गोष्ट राजीनाम्याची. परमिट हातात आल्यावरच कुपवाडच्या मालकांना सांगा, महिन्याची नोटीस रीतसर द्या, अनुभवाचं पत्र घ्या, संबंध गोड ठेवून निघा. परत आल्यावर पहिलं दार तेच ठोठवावं लागू शकतं.

शेजारच्या रानाबद्दल: नोकरीसाठी बाहेर गेलात की परकीय चलन कायद्याच्या हिशेबी तुम्ही अनिवासी होता, आणि अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते. तेव्हा ते रान घ्यायचंच झालं तर वडिलांच्या नावावर घ्यावं लागेल. भावंडं असतील तर पैसा कुणाचा, हे त्याच वेळी लिहून ठेवा. बँकेचंही तसंच. आत्ताचं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या पैशाचं खातं) करून घ्यायचं आणि तिकडून येणाऱ्या पैशासाठी एनआरई खातं उघडायचं, या एनआरईवरच्या व्याजाला इथं कर नाही. घरखर्चाची रक्कम थेट पत्नीच्या खात्यावर टाका, चुलत्यांच्या किंवा 'कुणाच्या तरी' नको. रक्कम आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर सांगा: घरखर्चाला एवढे, कर्जाला एवढे, उरलेले एनआरईत. आखातात माणूस आहे म्हटल्यावर भावकीतल्या लग्नापासून यात्रेच्या वर्गणीपर्यंत सगळ्यांचे फोन येतात. ठरलेला आकडा असला की नाही म्हणायला सोपं जातं. पहिलं वर्ष घरावर मजला चढवायचा नाही, गाडी घ्यायची नाही, हेही ठरवून टाका.

तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. आधार, बँक, पीएफ सगळ्याचे ओटीपी त्यावरच येणार. रोमिंग चालू करून सोबत न्या, रिचार्ज चुकवू नका. पीएफची केवायसी निघण्याआधी पुरी करा, नंतर एकेका सहीसाठी जीव मेटाकुटीला येतो. आयटीआयचं प्रमाणपत्र राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास असं तीन ठिकाणी साक्षांकित करून लागतं, त्यात काही आठवडे जातात, म्हणून ऑफर पक्की होताच सुरुवात करा. छातीचा एक्स-रे इथंच काढून बघा. तिथल्या मेडिकलमध्ये टीबी आणि काही रक्तातले आजार तपासतात, त्यात अडकलं की व्हिसा होत नाही आणि परत पाठवतात. मिरजेत चारशे-पाचशे रुपयांत कळणारी गोष्ट शारजात जाऊन कळायला नको.

आणि बॅग भरताना आईजवळ बसा. पोरगा लांब चालला म्हटल्यावर आपल्याकडं कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणि डिंकाचे लाडू ठरलेले. दोन्हींत खसखस असते, आणि खसखशीवर यूएईत बंदी आहे, ती अमली पदार्थांत मोडते. चिमूटभर खसखशीसाठी माणसं विमानतळावर अडकली आहेत. आईला सांगा, यंदा तुझ्या पोरासाठी मसाला वेगळा कुट, खसखस न घालता. लाडू राजगिऱ्याचे चालतील. औषधांचंही तेच. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, कुणा ओळखीच्याचं पार्सलही, काही घ्यायचं नाही. रोजचं औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी आणि ते औषध तिथं चालतं का, हे आधी बघून घ्यावं.

मुलीसाठी एक. यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. बोटिमसारखं ॲप लागतं. ते पत्नीच्या आणि आई-वडिलांच्या फोनवर आत्ताच टाका आणि वडिलांना दोनदा लावून दाखवा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं. तुमची पाळी सहाला सुटली तर इथं साडेसात झालेले असतात, मुलगी जागी असते. रोजची ती वेळ ठरवून ठेवा. तीन वर्षांच्या पोरीला 'बाबा पैसे पाठवतात' यातलं काही कळत नाही, बाबा रोज दिसतात एवढंच कळतं.

गुरुवारी एजंटाला पाठवायचा मेसेज देते, हवा तर जसाच्या तसा पाठवा:

"नमस्कार. मला या नोकरीत रस आहे. आपला ई-मायग्रेट परवाना क्रमांक आणि कंपनीनं मंत्रालयातून काढलेलं ऑफर लेटर पाठवा. त्यात बेसिक, भत्ते, हुद्दा, कामाचे तास, रजा आणि तिकीट असावं. मी व्हिजिट व्हिसावर येणार नाही. नियमाप्रमाणे सेवाशुल्क पावती घेऊन देईन. जॉइनिंग जानेवारीत हवं आहे."

सरळ एजंट असेल तर कागद घेऊन येईल, थोडे दिवस लागतील एवढंच. "असं कुणी देत नाही", "जागा दोनच उरल्यात", "तुमच्यामागं दहा जण उभे आहेत" अशी उत्तरं आली तर ही नोकरी त्या दहा जणांना जाऊ द्या. आधी ४० हजार भरून बसलेला तुमच्या ओळखीतला कुणी असेल, तर त्यालाही हे पत्र वाचायला द्या. पावती, मेसेज, खात्यावर टाकल्याचा पुरावा घेऊन त्याला मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडं (उत्प्रवास कायद्याखालचा सरकारी अधिकारी) आणि पोलिसांकडं तक्रार करता येते.

तुमच्याकडं छाटणीपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात वरचा हिशेब पत्नीला शेजारी बसवून मांडा. त्यांच्या आणि वडिलांच्या तोंडून खरं उत्तर आलं, आणि ऑफर लेटरवर बेसिकचा आकडा नीट दिसला, की मग निवांत सही करा. कागद आला की त्यातले आकडे मला कळवा, मी वाचून उत्तर देईन.